सातवं नळकांडं

मला वाचता येत नाही. हे आधीच सांगते,
म्हणजे पुढे प्रश्न नकोत.

मेरिगेता वोल्दु रात्री आले, अनवाणी,
पोटाशी काहीतरी धरून. मला वाटलं, कुणाचं तान्हं.
चामड्याची पिशवी होती. आत ते पुस्तक,
जन्मभर मी लांबूनच पाहिलेलं,
सणाच्या दिवशी, छत्रीखाली, जरीच्या फडक्यात.
"लेताय," ते म्हणाले, "खालच्या गावचं देऊळ..."
पुढचं बोललेच नाहीत.
दाढीत राख होती.

ठेवायचं कुठे? कणगी तर ते आधी उपसतात.
चूल उकरतात. बाळंतिणीची खाटसुद्धा उलटी करतात.
घरामागे माझ्या मधमाशांची नऊ नळकांडी,
शेणामातीची, आडवी रचलेली.
सातव्यातल्या माशा कधीच्या उठून गेलेल्या.
त्यात सरकवलं. तोंड लिंपलं.
माशीपुरतं भोक ठेवलं,
नाहीतर नवांत ते एकच उठून दिसलं असतं.

ते आले. त्यांचं सगळं नाही सांगणार.
शेळ्या नेल्या. शेजारच्या गिदेला नेलं.
एकाने पाचव्या नळकांड्यावर दस्ता हाणला
आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेत पळत सुटला.
त्या वर्षात मी हसले ती तेवढीच.

मेरिगेता कड्यावरच्या गुहेत राहिले.
असायचे तेव्हा भाजलेले जव नेऊन द्यायची.
एकदा म्हणाले, एकशे बारा शेळ्यांची कातडी आहेत त्यात.
एका पानाला भोक आहे,
शेळी जिवंत असताना गोमाशी चावली होती, तिथे.
लिहिणाऱ्याने वळसा घालून ओळ पुढे नेली.
"कुणाची शेळी?" मी विचारलं.
त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी सातव्यातून घुमायला लागलं.
मी आधी आभाळाकडे पाहिलं,
कारण तसंच घुमत ते बिनमाणसाचं विमान यायचं
आणि बाजार जाळून जायचं.
मग कान लावला. माशा होत्या.
न बोलावता येऊन राहिलेल्या, पुस्तकाच्या अंगावर.

लढाई संपली, असं कुणीतरी येऊन सांगितलं.
मेरिगेतांना दोघांनी धरून खाली आणलं.
"काढ," म्हणाले.
मी म्हटलं, आत्ता नाही. आत पिलं आहेत.
सणाची पिवळी फुलं सुकू देत.

ते उंबऱ्यावर बसले
आणि अख्खं पुस्तक तोंडपाठ म्हणायला लागले.
एका जागी अडले. तीनदा मागे गेले.
उठले तेव्हा अंधार पडला होता.

फुलं सुकली. मी धूर केला, काढलं.
कडा मेणाने बंद. पानाला पान चिकटलेलं.
त्यांनी उघड्या तोंडाने ऊब फुंकली, लहान मुलाच्या डोळ्यात
फुंकतात तशी, आणि नखाने नाही, बोटाने सोडवलं.
ओठ हलले.
"काय होतं?" मी विचारलं.
"'आणि'," ते म्हणाले. "नुसतं 'आणि' होतं."

आमच्या तिग्रायचा मध पांढरा.
सातव्याचा निघाला काळसर, जरा कडवट.
विकला नाही. खाल्ला.