शुक्रवारची इंजिनं

बरक्याला, खजुरांच्या शेवटच्या रांगेमागे
खल्फान अरबाबची पत्र्याची शेड.
आत अकरा गाड्या.
एकीतही कुणी हौसेनं बसलेलं नाही.

दोन स्ट्रेचरांची लँडरोव्हर, रंग उंटाचा.
घंटेचा बंब, घंटेला लोलक नाही.
अमेरिकेहून बोटीनं आलेली काळी लांबलचक शेवरोले,
काचांना जांभळे मखमली पडदे, चंदेरी गोंडे;
इथल्या मातीत तिला कधी कामच मिळालं नाही
म्हणून तीच सगळ्यांत तुकतुकीत.
सुगुणन वायरमन दुपारी तिच्या आडोशाला डबा खातो,
उरला भात मांजरीला घालतो,
पण पडद्यांकडे पाठ करून.

मी डेंटर. कुडाळचा.
पत्रा आतून ठोकायचा, बाहेरून ऐकायचा,
बत्तीस वर्षं हेच.
पोक आला की पत्रा वेगळा बोलतो,
जरा घोगरा.

पहिल्याच वर्षी अरबाबला विचारलं होतं,
लोक शर्यतीच्या गाड्या जमवतात, तुम्ही ह्या का?
खजुराची बी ओठांतून काढत तो म्हणाला,
वरातीची गाडी कुणीही जपतो.
एवढंच. आणि बी खिशात टाकली.
पेरतो तो त्या. निम्म्या उगवतात.

रमजानच्या आधी बेडफर्ड आली,
सोहारच्या भंगारातून, ट्रेलरवर बांधून.
आधी अँब्युलन्स, मग मयताची, मग मासळीची,
शेवटी तीत कोंबड्या राहत होत्या.
रंग खरवडत गेलो.
निळा. त्याखाली पांढरा. त्याखाली अजून एक पांढरा, जुना, दुधाळ.
त्याखाली लाल चंद्रकोर, अर्धी.
पॉलिश पेपर बदलायला थांबलो तर बोटं लाल.

मागची फळी उचकटली.
वाळू, खवले, पीस,
सुईची टोपी, पन्नास बैसांचं नाणं,
आणि पुठ्ठ्याचा एक टॅग, सुतळीसकट.
नाव भिजून गेलेलं.
उरलं होतं ते मुंबई
आणि एकशे सहा किलो.

आमचा वासूदादा पंच्याऐंशी साली
रुवीहून आला तो पेटीतून.
जाण्याआधी डॉक्टरी तपासणीत
काट्यावर चोपन्न भरला होता, बनियनवर.
त्याचा सदरा धरून मी शेजारीच उभा.
एकशे सहातून चोपन्न गेले, बावन्न.
निम्म्या फळ्या. उरला आतला पत्रा, झाळून बंद केलेला.
पत्र्याचं मला कळतं.
बावीस गेजचा धरला तर हिशोब बसतो.
चोवीसचा धरला तर हा माणूस दुसराच कुणीतरी.

आईनं मरेपर्यंत एकच विचारलं,
खयच्या गाडयेतसून हाडल्यानी रे तेका?
सहारहून कुडाळपर्यंतचा टेम्पो तिनं बघितला होता,
भाडंही तिनंच दिलं होतं.
तिला विमानाच्या पलीकडची गाडी हवी होती.

अरबाबनं टॅग उजेडात धरला, वाचला, उलटा करून पाहिला.
काचेत लावू या का, मी विचारलं.
नको, म्हणाला. होता तिथंच असू दे.
नव्या फळीखाली ठेवला.
स्क्रू मीच मारले, नऊ.
दहाव्याचा आटा गेला होता.

दर शुक्रवारी नमाजानंतर
एकेक गाडी आम्ही दहा मिनिटं चालू ठेवतो,
नाहीतर सीलं सुकतात, टाकीला गंज धरतो.
सायरन कुणाचाच लावायचा नाही, हा नियम.
बेडफर्ड तिसऱ्या झटक्याला उठते, खोकते,
नव्या फळीचं दहावं भोक शिट्टीसारखं वाजतं.
मांजर पळतं.
मी मागचं दार धरून उभा राहतो,
उगाच.
दहा मिनिटं होतात. अरबाब घड्याळ दाखवतो.
मी म्हणतो, अजून थोडं.
गरम होऊ दे.