ब्राउन

छावणीच्या मैदानात ग्रीन नव्हतं.
प्यायलाच टँकर, तर गवत कुठलं!
वाळूत गॅरेजचं जळकं ऑइल कालवून
दाबलेला गोल, त्याला म्हणायचे ब्राउन.
मुनीर तिथं शिकला,
कुण्या मेजरने टाकून दिलेल्या पटरने,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून.

प्रोचं कार्ड आलं तेव्हा
पडेगावात अम्मीने विचारलं, पगार किती?
पगार नसतो, तो म्हणाला.
दोन दिवस खेळायचं. नाव राहिलं तर पैसे,
नाहीतर आपल्या खर्चाने परत.

अकरा वर्षं मी त्याची बॅग वाहिली.
बंगळूर, कोलकाता, दिल्ली, परत दिल्ली.
ड्राइव्ह असा, की बघणारे टोप्या काढायचे.
पण खऱ्या हिरवळीवर सहा फुटांचा पट
घसरत जायचा पुढे,
आणि तो गवताकडे बघत राहायचा
परक्या लिपीतलं पत्र आल्यासारखा.
सात वेळा एका फटक्याने कट हुकला.
एकदा नववा आला. त्या पैशाचा फ्रिज,
अम्मी त्यात अजून फक्त पाणी ठेवते.

आता छावणीतही ग्रीन झालंय.
मुनीर कारखानदारांच्या पोरांना शिकवतो.
आठव्या होलमागं एक जुना ब्राउन उरलाय,
दिवेलागणीला तिथं जातो.
वाळूवर चेंडूची रेघ उमटते,
ती फळीने पुसून परत उभा राहतो.
मी झेंडा धरतो.