डावीकडे ओढणारी

आप्पांच्या माघारी धाकट्यानं शिरोलीचा गाळा घेतला.
माझ्या वाट्याला फर्गो पिकअप
आणि तिच्या बोनेटवर झोपणारं शेजाऱ्यांचं मांजर.
मी नको म्हणणार होते.
मांजर आधी उठून गेलं.

उद्यमनगरात टोचन लावून आणली तेव्हा
दस्तगीर मिस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरले,
बाजारात बैलाभोवती फिरावं तसे,
मडगार्ड बोटाच्या पेरानं वाजवलं,
"पत्रा जित्ता हाय, अक्का.
बाकीचं इचारू नगा."

हौद्याच्या फळ्या काढल्या तर खाली मुंग्या.
शाहूपुरीच्या अडतीत गुळाची शेवटची ढेप उतरवून
अठरा वर्षं झालेली.
मुंग्यांच्या घरात ही बातमी
कुणी कुणाला सांगत आलं असेल?

नागाळा पार्कातले एक हौशी गृहस्थ आले.
रुमालानं काच पुसून आत डोकावले.
म्हणाले, मूळचं असेल तेवढं मूळचंच ठेवा,
नव्या इंजिनानं हिचा मान जाईल.
दोन रात्री मला ते पटलं.

तिसऱ्या दिवशी खोललं.
कार्बोरेटर अँबॅसिडरचा.
रेडिएटर कुठल्याशा मळीतल्या पाण्याच्या इंजिनावरचा.
गिअरची दांडी म्हणजे कापलेली पहार,
वर नॉब कॅरमच्या स्ट्रायकरचा.
आणि किंगपिनचं बुश, गनमेटलचं,
आप्पांनी स्वतः लेथवर काढलेलं,
वर पंचनं ठोकलेली अक्षरं:
इंगळे, १२ रु. बाकी.

मी खाली बसले, ऑइलच्या डब्यावर.
मिस्त्री बुश कापसानं पुसत म्हणाले,
"कंपनीनं हिला एकदाच जोडली.
तुमचं आप्पा रोज जोडत हुतं."

मग संकोच उरला नाही.
बोलेरोचं डिझेल इंजिन, पाच गिअरचा बॉक्स,
पुढं डिस्क ब्रेक, नवं वायरिंग,
पॉवर स्टिअरिंग.
इंजिन आणि बॉक्समधली प्लेट
मी गोकुळ शिरगावात शिफ्ट सुटल्यावर सीएनसीवर काढली,
दोन शतांशाच्या आत.
मिस्त्रींनी ती नखानं तपासली.
नखाला एक जागा खटकली. तिथं खरंच बर होती.

आरटीओत तीन महिने गेले.
साहेब विचारत होते, इंजिन बदललं,
मग गाडी तीच कशावरून?
मी चेसिसचा नंबर दाखवला.
इंगळ्यांच्या उधारीचं काही बोलले नाही.

पहिली चक्कर पन्हाळ्याच्या रस्त्यानं.
दार अजूनही दोनदा आपटावं लागतं,
ते आम्ही दुरुस्त केलं नाही.
शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली,
इंजिनाचा आवाज इतका कमी
की मागं फळ्या करकरतात ते ऐकू आलं.

ही गाडी कायम डावीकडं ओढायची.
बारावीच्या सुट्टीत चिखलीच्या वाटेवर
आप्पांनी शिकवलं होतं,
"ती डावीकडं जाणार. तू जरा उजवीकडं धरून ऱ्हा.
भांडू नगं तिच्याशी. नुसतं धरून ऱ्हा."
आप्पांच्या उजव्या खांद्याला
अखेरपर्यंत तो बाक होता,
जेवतानासुद्धा.

वडणग्याच्या फाट्यापुढं
समोरून एसटीनं कर्कश हॉर्न दिला.
मी रस्त्याच्या मधोमध.
चाक फिरवलं, सरळ केलं,
पुन्हा हळूहळू मधोमध.

"अक्का," मिस्त्री समोर बघत म्हणाले,
"गाडी सरळ हाय."

मला कळत होतं.
मी बोटं सैल सोडली,
मनगट सोडलं, कोपर सोडलं,
तरी खांद्यात कुठंतरी
कुणीतरी धरून होतं.

केर्लीला चहा सांगितला.
मिस्त्रींनी विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.
येताना चावी त्यांच्याकडं दिली.
मी शेजारी बसले,
आणि प्रत्येक वळणावर
माझाच उजवा हात
मांडीवरून थोडा उचलला जात होता.