हातचा

मंगळवारी ट्रक आला तेव्हा फाटकात
प्रॉन्गहॉर्नचा कळप उभा होता.
भोंगा वाजवला तरी हलला नाही,
मग आपल्याच मर्जीने बाजूला झाला.
अठ्ठेचाळीस खोकी. मी मोजून घेतली,
तीन ठिकाणी सही केली.
नवं काडतूस हातात घेऊन पाहिलं:
गोळी जुनीपेक्षा सडपातळ, लांब,
दाभणासारखी,
जणू कुणी तिला उपाशी ठेवून वाढवलीय.

वॉशिंग्टनच्या कागदात लिहिलंय,
यापुढे सगळे सरकारी नेमबाज हेच वापरतील.
जुनं जमा करा. तारीख दिलीय.
कारणंही दिलीत, आलेखांसकट.

ओरिन ट्वेट आलेख बघत नाही.
बावीस वर्षं झाली, त्याला जुन्या गोळीचे पाढे येतात
पावकी-निमकीसारखे, झोपेतून उठवलं तरी:
तीनशेला एवढी खाली, सहाशेला एवढी,
हजार यार्डांवर बावीस हात.
आणि दहा मैलांचा वारा आडवा असेल तर
पाच हात बाजूला.
हा वाऱ्याचा हातचा तो ओठ मिटून धरायचा
आणि मिळवायला कधी विसरायचा नाही.

वायोमिंगच्या या पठारावर
वाऱ्याचा नेम नसतो.
सेजची झुडपं एकीकडे कलतात,
मधल्या ओढ्यातलं गवत दुसरीकडे,
आणि तिसरंच काहीतरी
निशाणाजवळच्या चिंधीला माहीत असतं.
ओरिन हे सगळं गालाने वाचायचा.

नवी गोळी वाऱ्याला फारशी भीक घालत नाही.
हजारावर सतराच हात पडते.
म्हणून पहिल्या सकाळी तो
पाच हात वरून मारत राहिला,
पोलादी पाटीमागच्या टेकाडावर
धूळ उडत राहिली, नीट, एकाच जागी.
चूकसुद्धा अशी नेमकी
की टीगनने दुर्बिणीतून डोळा काढला
आणि काही बोलली नाही.

टीगन सव्वीस वर्षांची. जुने पाढे तिला कुणी शिकवलेच नाहीत.
मनगटावरचं यंत्र आकडा सांगतं, ती चाकी फिरवते,
श्वास सोडते.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग ठण्.

दुपारी ओरिन उरलेली जुनी काडतुसं घेऊन आला.
खोक्यात एकशे एकोणीस.
मी म्हटलं, एक कमी आहे.
तो म्हणाला, ते मोटेलचं. नोंद असेल बघ.
होती. नऊ वर्षांपूर्वीची,
माझ्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरात.
पुढची खोकी फुटली, संपली,
हे त्याने तसंच ठेवलं होतं.

मी विचारलं नाही. तोच बोलला,
टोपीच्या कडेवरची धूळ नखाने काढत:
एकसष्ट यार्ड.
वाहनतळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
वारा नाही. खाली पडणं नाही.
त्याच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं.
पोराला त्याने असं धरलेलं,
(दाखवायला त्याने हात उचलला, अर्ध्यावर ठेवला)
पोराच्या पायात एकच मोजा.
बावीस वर्षांत माणसावर तेवढी एक.

खिडकीबाहेर टीगनची पाटी पुन्हा वाजली.

नवी, तो म्हणाला,
एकसष्टला कशी जाते?

मी खोक्यातला तक्ता उलगडला,
चष्मा चढवून बोट फिरवलं.
तक्ता शंभरापासून सुरू होतो.

बरं, म्हणाला.
नवी दोन खोकी उचलली,
तीन ठिकाणी सही केली,
आणि दारात थांबून, सवयीने,
गाल थोडा बाहेर काढला.