अंमळ हिरवं

मंत्रालयातून निरोप येतो :
हिरवा की लाल, एवढंच कळवा.
चौकट लहान आहे.

उर्वे तोमिंगास लगेच उत्तर देत नाही.
इदा-वीरूतल्या या शेलच्या गावात
ती तीन आठवडे राहिली आहे
खाणकामगारांच्या जुन्या वसतिगृहात.
जूनमध्ये इथे रात्र पुरती होतच नाही,
आकाश नुसतं हो-नाही करत राहतं.
अकरा वाजता खिडकीशी पेपर वाचता येतो.
ही रात्र आहे का?
आहे. शून्य पूर्णांक तीन इतकी.

शेल जाळून उरलेली राख
गावाबाहेर डोंगर होऊन बसली आहे.
उतारावर बर्चची रोपं, शेंडा बोडका,
पोटात अजून धग.
तिच्या वहीतही तसेच त्रिकोण :
एक वाईटचा, एक बऱ्यापैकीचा, एक चांगल्याचा,
पायथे एकमेकांत शिरलेले,
म्हणजे एकाच धुराड्याला
दोन डोंगरांवर पाय ठेवून उभं राहता येतं.

गेन्नादी सावेल्येविच, एकतीस वर्षं बॉयलरवर.
धूर कमी झालाय?
"शेजारीण आता चादरी बाहेर वाळत घालते."
पांढऱ्या?
"नाही. फुलाफुलांच्या."
तिनं लिहिलं ०.६.
मग खोडून ०.५५.

त्याची मुलगी झोया राखेच्या विटा पाडते
बंद पडलेल्या पंपघरात.
चार माणसं, त्यातला एक अर्धवेळ,
भट्टी उसनी.
थंडीत दहातल्या सात चिरतात.
"गेल्या वर्षी दहाच्या दहा," झोया म्हणते
आणि न चिरलेली एक
उर्वेच्या हातात ठेवते. जड असते.
याला नवनिर्मितीच्या कुठल्या रकान्यात बसवायचं?

नियम कागदावर सोपे.
जर धूर बराच कमी आणि विटा थोड्याफार टिकाऊ
तर वाटचाल बरी.
जर धूर बराच कमी आणि गेन्नादी घरी बसलेला
तर

पेन्सिल इथे थांबते.

तिला ठाऊक नसणार, मला आहे,
की एका खरं बोलणाऱ्या माणसाने
'नरो वा' मोठ्याने म्हटलं
आणि 'कुंजरो वा' ओठातल्या ओठात,
आणि चार बोटं वर चालणारा त्याचा रथ
धुळीला टेकला.
उर्वे हत्ती मोठ्याने लिहिते.
घरी बसलेले : दोनशे अकरा.
त्यातले पुन्हा कामाला लागले असं
म्हटलं तर म्हणता येईल असे : चाळीस.

शेवटी सगळे त्रिकोण एकावर एक,
न जमलेले माथे छाटलेले,
उरतो एक वेडावाकडा आकार.
गणित तिच्या यंत्राने केव्हाच केलंय.
तरी गेन्नादीच्या स्वयंपाकघरात
ती तो आकार पुठ्ठ्यातून कापते
आणि पेन्सिलीच्या टोकावर तोलते.
डावीकडे कलतो. उजवीकडे. म्हातारा श्वास धरून.
मग थांबतो.

"किती?"
०.४७.
"म्हणजे चांगलं?"
ती त्याच्या भाषेतला शब्द शोधते,
चिमटीत मीठ धरावं तशी दोन बोटं जवळ आणते.
तो मान हलवतो, होकारार्थी असावी,
आणि तिच्या पेल्यात आणखी ताक ओततो.

मंत्रालयाला आकडाच जातो, रंग नाही.
परत येईल. पुन्हा पाठवेल.

बाहेर बारा वाजून गेलेत.
दोरीवर फुलाफुलांची चादर अजून तशीच,
कुणी आत घेतलेली नाही.
रात्र झाली, असं कुणी म्हटलंच नाही.