नावाडी खोकत नाही

चोवीस वर्षांनी दुसरा भाग आला
आणि त्यातला नावाडी खोकत नाही,
ही विटेकची पहिली तक्रार.

तो वूच शहरात ट्राम चालवतो.
रात्रपाळी संपवून थेट माझ्या स्वयंपाकघरात,
हातमोजे न काढताच सुरू:
पहिल्या खेळात कसं, धक्का दिसायच्या आधी
धुक्यातून खोकला यायचा,
मग कंदील,
मग माणूस.
आता त्याच्या डोक्यावर पिवळा बाण तरंगतो.
बाण बघून कोण घाबरतं, सांग मला.
आणि आवाज! वॉर्सातल्या कुणा धडधाकट माणसाचा,
पोटभर नाश्ता करून आलेला.

जुना आवाज आमच्याच नाटकगृहातल्या नटाचा होता,
तो खोकला त्याचा स्वतःचा.
कपाटात, गोधड्यांच्या आड बसून
त्यानं तीन दिवसांत सगळं बोलून टाकलं म्हणतात.
तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली.
एवढं बोलून विटेकनं हातमोजे काढले.

ग्राझिनाला मात्र खेळ आवडलाय.
दिवसभर ती लोकांच्या दाढा उपटते.
म्हणते, संध्याकाळी रस्ता चुकायला मला वेळ नाही,
असू दे बाण.
आणि खरं बोला, ती जुनी दलदल
तुम्हाला तेव्हा तरी आवडत होती का?
चार तास चिखल, एक बेडूक,
बेडूक मेला की एक गंजका चमचा.
आपण सोळा वर्षांचे होतो, बाकी काही नाही.

विटेक हळूच म्हणाला,
शेवटी आजारी राणीला सूप पाजायला
तोच चमचा लागायचा.

ग्राझिना खसखशीच्या केकचा तुकडा हातात धरून थांबली.
मी तो विकला होता, म्हणाली.
दोन नाण्यांना.
माझी राणी दर वेळी मरायची.
मला वाटायचं, गोष्टच तशी आहे.

विटेकची पोरगी किंगा, एकोणीस वर्षांची,
हिनं आधी नवा खेळला, मग जुना.
जुन्यात माणसं ठोकळ्यांची, चेहरे मळलेल्या कणकेचे,
पण कुठलंही दार ढकला, आत कुणीतरी
काहीतरी लिहून ठेवलेलं:
उधारीची वही, अर्धं प्रेमपत्र, मेलेल्या कुत्र्याचं नाव.
नव्यात दारं इतकी देखणी
की हात लावावासा वाटतो.
उघडत नाहीत.

माझं मत कुणी विचारलं नाही,
कारण मी अजून खोकाच फोडला नव्हता.
जुना आम्ही बाजारातून घेतला होता,
मुखपृष्ठाची झेरॉक्स, तीही तिरकी.
माउस राडेककडे, कळफलक माझ्याकडे,
चौकटीच्या वहीत नकाशा मीच काढायचे.
नाव द्यायला जागा सहाच अक्षरांची.
दोघांचं मावेना, भांडण झालं,
शेवटी आमचा शूर योद्धा
राडहा या नावानं दलदलीत उतरला.

राडेक आता बर्गनला जहाजं जोडतो, वेल्डिंग करतो.
परवा त्याचा निरोप आला:
खेळलीस का?
एवढाच.

काल सगळे गेल्यावर लावला.
धुकं सुरेख आहे, नाकारून चालणार नाही.
नाव विचारलं. जागा हवी तेवढी होती,
दोघांची पूर्ण नावं आडनावासकट मावली असती.
मी राडहा लिहिलं.

मग सेटिंगमध्ये गेले. तिथे सातव्या ओळीत
बाण बंद करायची सोय आहे.
बंद केला.
तासभर भटकले, धक्का सापडला नाही,
एकदा वाटलं कुणी खोकलं,
तर तो वरच्या मजल्यावरचा शेजारी.

विटेकला सातव्या ओळीचं सांगितलेलं नाही अजून.
तक्रार करताना किती दिवसांनी
त्याचा चेहरा असा उजळला होता.
रविवारी सांगेन.
किंवा पुढच्या रविवारी.