एकास बारा

फोटोत माझी राखाडी वॅगनार आहे.
नेरूळ, सेक्टर अठरा, सकाळी अकरा बेचाळीस.
मागच्या काचेत फोटो काढणाऱ्याची टोपी उमटलेली
आणि चाकाखाली पिवळी पट्टी,
जी मला त्या दिवशी दिसली नव्हती.
दिसली होती.
दाढ ठणकत होती, डॉक्टर समोर होता, एवढंच.

मोबाइलवर आलं: पदपथाचा उतार अडवल्याबद्दल
रुपये पाचशे.
मी हसलो,
दाढ काढलेली, म्हणून अर्ध्याच तोंडाने.

कारण हा उतार माझा आहे.
अठ्ठ्याण्णव साली, बेलापूरच्या नियोजन कचेरीत
संगणक आले होते, पण साहेबांना शाईच हवी असायची.
साहेब म्हणाले, खांबेटे, हे वापरणार कोण?
मी म्हटलं, माहीत नाही, परिपत्रकात आहे.
एकास बारा.
पंधरा सेंटिमीटर चढायला एकशे ऐंशीची धाव.
शेवटच्या रेघेवर शाई फुटली, ब्लेडने खरवडून
ती पुन्हा ओढली, श्वास धरून.
मग अमोनियाच्या वासाची निळी प्रत साइटवर गेली
आणि तिच्यावर, माझा अंदाज, कुणीतरी भजी खाल्ली.

काल टेप आणि लेव्हल घेऊन गेलो.
गुडघा वाजला, टेकवला तरी.
उंची पंधरा. धाव पंचाहत्तर.
म्हणजे एकास पाच.
याला उतार म्हणत नाहीत, मॅडम,
याला घसरगुंडी म्हणतात;
आणि जो उतारच नाही तो मी अडवला कसा?
हे वाक्य तिथेच, फरशीवर बसल्या बसल्या पाठ केलं.
फार आवडलं मला ते.

"काका, सरका जरा."
गॅसवाला. दोन सिलिंडर, लोखंडी ढकलगाडी,
तोंड माझ्याकडे, पाठ चढाकडे, उलटा ओढत.
खाली थांबला, दम घेतला, दात आवळले, वर.
मग पाण्याच्या जारचा पोरगा.
मग इस्त्रीवाला, चादरीच्या गाठोड्याखाली त्याची गाडी दिसेना.
एक बाई, चाकांची बॅग, विमानातून नुकतीच उतरलेली झोप.
तीनचाकी सायकलवरचा एक गृहस्थ, वय चारेक,
तो मात्र तीन वेळा वर, तीन वेळा खाली,
त्याला एकास पाचच हवं होतं.
टेपच्या डबीवर पेन्सिलीने रेघा मारत गेलो.
चाळीस मिनिटांत अकरा. सायकल एकदाच धरून.

चौकीत सुलभा घरत. पुढ्यात थंड चहा.
नकाशा उलगडला, कोपऱ्यातली सही वाचली.
"अक्षर बरंय तुमचं."
मग बोट नकाशावर फिरवत, कुठेतरी दुसरीकडेच बघत,
"इथं आमच्या आज्याचं मिठागर होतं. सगळं सपाट.
चढ तुम्ही लोकांनी आणला, आता उतारपण तुमचाच."
बाहेर टोइंगचा भोंगा.
"बोला, काय लिहू? उतार आहे की नाही?"

वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.
मधे तो सिलिंडर आला.

"आहे," मी म्हटलं.
"चुकीचा आहे. पण आहे."

"मग पाचशे."
आणि चुकीचं काय ते?
"ते वॉर्ड ऑफिसात. ह्या खिडकीत नाही."
पावती दिली. नकाशा राहू दे म्हणाली,
कशाला, ते सांगितलं नाही.

वॉर्ड ऑफिसचा अर्ज गुलाबी आहे, दोन पानी.
नाव, पत्ता, तक्रारीचे स्वरूप,
सगळं भरलं, तांत्रिक अक्षरात, सरळ.
एक रकाना उरलाय:
तक्रारदाराचा सदर विषयाशी संबंध.
तीन दिवस झाले,
पेनातली शाई वाळते, मी टोपण लावतो,
पुन्हा काढतो.